अक्सेल फॉन फेर्सेन: एका स्वीडिश सरदाराची अमेरिकेंतील चाकरी व त्याचे कागद

परराज्याच्या फौजेंत आपखुषीनें चाकरी धरणारा युरोपीय सरदार मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस अपरिचित नाहीं. महादजी शिंद्यांच्या पदरचा द बॉय्न सव्हॉयचा. त्याच्यामागून आलेला पेरों फ्रान्सचा. स्वदेशीं जें मिळालें नसतें तें मिळविण्यास हे निघाले, आणि कंपू, कवाईत व जहागिरी यांच्या कागदांत आपली खूण ठेवून गेले. त्याच काळीं स्वीडनचा एक तरुण सरदार परक्या युद्धासाठीं समुद्रापार अमेरिकेंत गेला. तो पोटासाठीं गेला नाहीं; घरची श्रीमंती मोठी होती. मात्र तेथें ज्या इंग्रज सेनापतीच्या शरणागतीस तो साक्षी झाला, तोच सेनापति पुढें दहा वर्षांनीं हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा जोडीस घेऊन टिपूशीं लढला. हा तरुण म्हणजे काउंट हान्स अक्सेल फॉन फेर्सेन.

फेर्सेन आज जगांत प्रसिद्ध आहे तो लष्करी कारणानें नव्हे. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचा जिवलग, एवढीच त्याची ओळख कादंबऱ्यांनीं व चित्रपटांनीं शिल्लक ठेविली आहे. या ओळखीखालीं त्याचें शिपाईपण झांकून गेलें. तें शिपाईपण खरोखर केवढें होतें, आणि तें आपणांस कोणत्या कागदांवरून कळतें, या दोन प्रश्नांचा येथें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. दुसरा प्रश्न आम्हांस पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. कारण जे कागद या मनुष्यानें जिवापाड जपले त्यांवर अग्नि व शाई यांचा घाला पडला, आणि जे त्यानें सहज लिहून घरीं धाडले ते टिकले.

फेर्सेनचा जन्म ४ सप्टेंबर १७५५ रोजीं स्टॉकहोम येथें झाला. बाप फ्रेडरिक अक्सेल फॉन फेर्सेन हा स्वीडनचा फील्डमार्शल व 'टोपीवाले' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पक्षाचा पुढारी. हा पक्ष फ्रान्सशीं सख्य ठेवणारा होता, आणि बापानेंही तरुणपणीं फ्रेंच फौजेंत नोकरी केली होती. या दोन राज्यांचा लष्करी संबंध जुना. १६९० सालीं फ्ल्यूरसच्या लढाईंत फ्रेंचांच्या हातीं लागलेल्या स्वीडिश कैद्यांची एक पलटण उभी करण्यांत आली. तीच पुढें 'रॉयाल सुएद्वा', म्हणजे राजाची स्वीडिश पलटण, या नांवानें नांदली. कालांतरानें तिच्यांतील शिपाई बहुतेक जर्मन भाषा बोलणारे झाले, तरी स्वीडिश सरदारांचा तिच्याशीं संबंध कायम राहिला. तेव्हां एखादा स्वीडिश सरदार फ्रेंच निशाणाखालीं लढला तर त्यास कोणी द्रोह म्हणत नसे; आपल्या राजाची परवानगी मात्र लागे.

पंधराव्या वर्षीं, म्हणजे १७७० सालीं, शिक्षकासह युरोपच्या प्रवासास निघालेला फेर्सेन ब्रन्सविक, स्ट्रासबुर्ग व टुरिन येथें लष्करी विद्या शिकला. ३० जानेवारी १७७४ रोजीं पॅरिसच्या ऑपेरागृहांतील मुखवट्यांच्या नाचाच्या प्रसंगीं त्याची व मारी आंत्वानेतची प्रथम गांठ पडली. ती त्या वेळीं युवराज्ञी होती. पुढें स्वदेशीं कांहीं वर्षें घालवून १७७८ च्या ऑगस्टांत तो पुन्हा फ्रान्समध्यें आला. त्याच सालच्या फेब्रुवारींत फ्रान्सनें इंग्रजांविरुद्ध उठलेल्या अमेरिकन वसाहतींशीं तह केला होता. १७७९ सालीं इंग्लंडवर स्वारी करण्यासाठीं नॉर्मंडींत जी फ्रेंच फौज जमली तींत फेर्सेन दाखल झाला. पण ती स्वारी किनाऱ्यावरच विरली.

त्यानंतर तो अमेरिकेस गेला, तो कां? व्हर्सायच्या दरबारीं असलेला स्वीडनचा वकील क्रॉइट्स यानें १० एप्रिल १७७९ रोजीं आपल्या राजास लिहिलेल्या पत्रांत, राणीचा ओढा या तरुणाकडे आहे आणि अमेरिकेस जाण्याचें ठरवून त्यानें संकट टाळलें, अशा आशयाचा मजकूर आहे. या एका पत्राच्या आधारानें, प्रेमाच्या धोक्यांतून निसटण्यासाठीं फेर्सेन युद्धावर गेला, असें पुष्कळांनीं लिहिलें. क्रॉइट्सचें पत्र आम्ही खोटें म्हणत नाहीं. परंतु वकिलाचें काम दरबारची वार्ता राजास रुचेल अशा रीतीनें कळविणें हें असतें, याचा विसर पडूं देऊं नये. स्वीडनमध्यें त्या वेळीं शांतता होती. वरिष्ठ कुळांतील तरुणास लढाई पाहावयाची तर ती परदेशींच पाहावी लागे. कुर्ट फॉन स्टेडिंक हा दुसरा स्वीडिश सरदार १७७९ सालींच फ्रेंचांच्या वतीनें ग्रेनाडा व सव्हाना येथें लढला, व सव्हाना येथें जखमी झाला. तो कोणत्याही राणीपासून पळाला नव्हता. जें कारण स्टेडिंकास पुरलें तें फेर्सेनासही पुरेसें होतें. राणीचा मजकूर खरा धरला तरी तो त्या कारणाची पुरवणी ठरतो, मूळ कारण नव्हे.

२ मे १७८० रोजीं काउंट द रोशांबो याच्या हाताखालीं सुमारें साडेपांच हजार फौज ब्रेस्त बंदरांतून निघाली व ११ जुलै रोजीं ऱ्होड आयलंडांतील न्यूपोर्ट येथें पोहोंचली. फेर्सेन हा रोशांबोचा 'एड द काँ' होता. म्हणजे सेनापतीजवळ राहून त्याचे हुकूम पोहोंचविणारा, बातमी आणणारा व त्याच्या वतीनें भेटीगांठी घेणारा सरदार. त्यास इंग्रजी येत असे, आणि रोशांबोस तें येत नव्हतें. दोन दोस्त फौजांच्या सेनापतींस एकमेकांची भाषा येत नसतां दुभाषाचें मोल काय असतें, हें मराठे व फ्रेंच, किंवा मराठे व इंग्रज, यांच्या वाटाघाटींचे कागद वाचणारास वेगळें सांगावयास नको.

येथून पुढें आमचें मुख्य साधन म्हणजे फेर्सेननें अमेरिकेंतून बापास लिहिलेलीं पत्रें. काउंट व्रांगेल यानें तीं १९२९ सालीं पॅरिस येथें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलीं. सप्टेंबर १७८० मध्यें हार्टफर्ड येथें रोशांबो व वॉशिंग्टन यांची पहिली भेट झाली, तींत फेर्सेन हजर होता. त्यानें रेखाटलेला वॉशिंग्टन थंड, मितभाषी, सभ्य व देखणा आहे. चेहऱ्यावर किंचित् खिन्नतेची छाया असून ती त्यास शोभते, असें तो नोंदवितो. हें वर्णन वॉशिंग्टनची कीर्ति पक्की होण्यापूर्वींचें आहे, म्हणूनच तें मोलाचें. यॉर्कटाउनच्या जयानंतर लिहिलेल्या स्तुतीस ती किंमत येत नाहीं.

हींच पत्रें तक्रारींनींही भरलेलीं आहेत. इंग्रज आरमारानें बंदर अडविल्यामुळें फ्रेंच फौज जवळजवळ एक वर्ष न्यूपोर्टांत स्वस्थ बसली. लढावयास आलेला तरुण त्या स्वस्थतेस कंटाळला. अमेरिकन लोकांच्या सर्व व्यवहारांच्या मुळाशीं पैसा आहे, असा ठपका तो ठेवितो. मालाचे दाम वाढविणारा न्यूपोर्टचा दुकानदार आणि युरोपांतील उमरावाचा पंचवीस वर्षांचा मुलगा यांची गांठ पडली म्हणजे असेंच लिहिलें जावयाचें. हा मजकूर अमेरिकन लोकांविषयीं जेवढा पुरावा आहे, तेवढाच तो लिहिणाराविषयींही आहे. लोकस्वातंत्र्याच्या तत्त्वानें भारून हा स्वयंसेवक गेला नव्हता, एवढें त्यावरून निश्चित होतें. ज्यांस फेर्सेनला लाफायेतच्या पंगतीस बसवावयाचें आहे, त्यांनीं हीं पत्रें अवश्य पाहावीं.

१७८१ च्या जूनांत फ्रेंच फौज हलली व जुलैच्या आरंभीं न्यूयॉर्कजवळ वॉशिंग्टनच्या सैन्यास मिळाली. बेत न्यूयॉर्कवर चालून जाण्याचा होता. तो ऑगस्टच्या मध्यावर बदलला. द ग्रास याचें आरमार वेस्ट इंडीजमधून न्यूयॉर्ककडे न येतां चेसापीकच्या खाडीकडे जात आहे, अशी बातमी १४ तारखेस आली. त्या खाडीच्या तोंडाशीं यॉर्कटाउन येथें लॉर्ड कॉर्नवालिस आपली फौज घेऊन बसला होता. आतां सर्व भिस्त वेळेवर होती. पायदळास शेंकडों मैल दक्षिणेकडे जावयाचें. आणि वेढ्याच्या जड तोफा न्यूपोर्टला, बॅरास नांवाच्या आरमारी सेनापतीपाशीं अडकलेल्या. बॅरासानें त्या तोफा घेऊन त्वरित निघावें म्हणून रोशांबोनें ज्यास धाडलें तो फेर्सेन. ५ सप्टेंबर रोजीं द ग्रासनें इंग्रज आरमाराशीं लढून त्यास खाडीबाहेर रोखलें, आणि दोन्ही आरमारें समुद्रांत गुंतलीं असतां बॅरासचीं गलबतें तोफांसह आंत शिरलीं. त्या तोफा नसत्या तर वेढा लांबला असता, आणि न्यूयॉर्कहून इंग्रजांची कुमक येण्यास अवकाश मिळाला असता.

वेढ्याचा तपशील थोडक्यांत असा: २८ सप्टेंबर रोजीं दोस्त फौजा यॉर्कटाउनसमोर उतरल्या, ६ ऑक्टोबरच्या रात्रीं पहिला मोर्चा खणला, १४ च्या रात्रीं दोन बुरूज हल्ला करून घेतले, एक फ्रेंचांनीं व एक अमेरिकनांनीं, १७ रोजीं कॉर्नवालिसाकडून बोलण्याची खूण झाली, १९ ऑक्टोबर १७८१ रोजीं सात हजारांवर इंग्रज व जर्मन शिपायांनीं हत्यारें ठेविलीं. प्रकृतीची सबब सांगून कॉर्नवालिस स्वतः बाहेर आला नाहीं. त्याच्या वतीनें ओहारा पुढें झाला.

या पराभवानें कॉर्नवालिसाची कारकीर्द संपली नाहीं, ही गोष्ट आमच्या वाचकांस विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. १७८६ सालीं तो गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानांत आला. १७९१ च्या मे महिन्यांत दाणावैरणीअभावीं श्रीरंगपट्टणाहून मागें फिरणाऱ्या त्याच्या फौजेस हरिपंत व परशुरामभाऊ यांचीं सैन्यें येऊन मिळालीं, व मराठ्यांच्या बाजारांतून त्याच्या उपाशी लष्करास अन्न मिळालें. यॉर्कटाउन येथें ज्यास बाहेरून मदत पोहोंचली नाहीं, त्यास म्हैसुरांत ती मराठ्यांनीं पोहोंचविली. फ्रेंच व इंग्रज यांच्या ज्या युद्धानें फेर्सेन अमेरिकेस गेला, त्याचेंच एक टोंक सफ्रांच्या आरमाराच्या रूपानें १७८२ सालीं मद्रासेच्या किनाऱ्यावर आलें होतें. सालबाईचा तह त्याच सालच्या मे महिन्यांतला. तेव्हां यॉर्कटाउन आपल्या इतिहासाशीं असंबद्ध समजणें बरोबर नाहीं.

फेर्सेनच्या शिपाईपणाचा हिशेब मांडूं गेल्यास यॉर्कटाउन हेंच त्यांतील शिखर ठरतें. त्यानें स्वतंत्रपणें कोणती लढाई जिंकली नाहीं. बुरुजावर चढणारांत त्याचें नांव नाहीं. निरोप, दुभाषीपण, घोड्यावरची धांव व नजर, हें त्याचें काम होतें. परंतु सेनापतींच्या बखरी लिहितांना ज्यांच्या खांद्यावरून हुकूम गेले त्यांस विसरण्याची चाल आपल्याकडे काय आणि तिकडे काय, सारखीच आहे. जासुदाची थैली वेळेवर पोहोंचली म्हणून जिंकलेल्या लढाया थोड्या नाहींत.

१७८२ च्या अखेरीस फौज बोस्टनहून वेस्ट इंडीजकडे निघाली, व्हेनेझुएलांतील पोर्तो काबेल्यो येथें थांबली, आणि तहाची वार्ता आल्यावर १७८३ च्या जूनांत फेर्सेन फ्रान्समध्यें परतला. त्याच सालीं रॉयाल सुएद्वा पलटणीचें मालकीहक्काचें कर्नलपद त्यास मिळालें. त्या पदाची किंमत मोजावी लागे. ती उभी करण्यासाठीं बापाची मनधरणी करावी लागली, हेंही पत्रांवरूनच समजतें. अमेरिकन युद्धांतील सरदारांनीं स्थापिलेल्या सिन्सिनाटी संघाचें पदक त्यास व स्टेडिंकास देऊं करण्यांत आलें. पण राजा गुस्ताव तिसरा यानें तें छातीवर लावण्यास मनाई केली. आपल्या धन्याविरुद्ध उठलेल्या प्रजेनें दिलेला मान आपल्या सरदारांनीं मिरवावा, हें त्यास कसें रुचावें? युद्धास परवानगी, पदकास बंदी, या विसंगतींत त्या काळच्या स्वयंसेवकाची सर्व अडचण दिसून येते. तो दुसऱ्याच्या युद्धांत लढे, पण त्या युद्धाचा अर्थ त्याचा नसे.

१७८८ सालीं गुस्तावनें रशियाशीं युद्ध सुरू केलें तेव्हां फेर्सेन फिन्लंडांत त्याच्यासोबत होता. त्या मोहिमेंत स्वीडिश सरदारांनींच राजाविरुद्ध कट केला, आणि पुढच्या वर्षीं विरोधी पुढारी म्हणून फेर्सेनच्या बापास राजानें कैदेंत टाकिलें. मुलगा राजाच्या बाजूस राहिला. घरांतील ही फूट लक्षांत घेतली म्हणजे राजनिष्ठा हा त्याच्या स्वभावाचा कणा होता हें पटतें, आणि पुढची त्याची फ्रान्समधील वागणूक केवळ प्रेमाची म्हणून सोडून देतां येत नाहीं. २० जून १७९१ च्या रात्रीं लुई सोळावा व त्याचें कुटुंब यांस पॅरिसांतून बाहेर काढणारी योजना मुख्यत्वें त्याच्या हातची होती. गाडी, पैसा व परवाने यांची तरतूद करून गाडीवानाच्या वेषांत बाँदीपर्यंत त्यानें स्वतः गाडी हांकली. तेथें राजानें त्यास निरोप दिला. आणि पुढें व्हारेन येथें राजकुटुंब पकडलें गेलें.

याच प्रसंगानें आमच्या विषयांतील मोठी हानि झाली. फेर्सेन नियमित रोजनिशी ठेवीत असे. पॅरिस सोडतांना १७८० पासूनची रोजनिशी त्यानें एका मित्राच्या स्वाधीन केली होती. त्या मित्रानें भीतीनें ती जाळून टाकली. न्यूपोर्ट, हार्टफर्ड, यॉर्कटाउन, फिन्लंड, अकरा वर्षांचा सर्व शिपाईपणा त्या आगींत गेला. आज उपलब्ध असलेली सलग रोजनिशी ११ जून १७९१ पासून सुरू होते. म्हणजे ज्या फेर्सेनला जग ओळखतें त्याची हकीकत त्याच्याच शब्दांत रोजच्या रोज सांपडते. आणि जो फेर्सेन रोशांबोपाशीं होता, तो केवळ बापाच्या दप्तरांत वांचला.

राणीशीं झालेल्या पत्रव्यवहाराची गत निराळी. फेर्सेनच्या बहिणीच्या वंशांतील बॅरन क्लिंकोव्स्त्रोम यानें १८७७-७८ सालीं तो दोन भागांत छापिला. मूळ कागदांत कित्येक ओळी शाईनें गिरविलेल्या होत्या. छापील प्रतींत तेथें टिंबें आलीं. गिरविणारा हा बॅरनच असावा, असा संशय पुष्कळ काळ व्यक्त होत असे. १९८२ सालीं फ्रान्सच्या राष्ट्रीय दप्तरखान्यानें हे कागद विकत घेतले. पुढें फ्रेंच शास्त्रज्ञांनीं गिरविलेल्या पंधरा पत्रांची क्ष-किरणांनीं तपासणी करून २०२१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या काळच्या युरोपीय शाईंत लोहाबरोबर तांबें व जस्त कमीअधिक प्रमाणांत असे. मूळ अक्षरांची शाई व वरून फांसलेली शाई यांतील हें प्रमाण वेगळें असेल तर खालचें अक्षर निराळें काढतां येतें. पंधरांपैकीं आठ पत्रांत तें साधलें. राजकारणाचे गुप्त मनसुबे तेथें नव्हते. प्रेमाचे, आर्जवाचे शब्द होते. आणि वरची शाई फेर्सेनच्याच लेखनांतील शाईशीं जुळली. खोडणारा तोच होता. अस्सल समजलीं गेलेलीं राणीचीं कांहीं पत्रें ही त्याच्या हातची नक्कल आहे, हेंही सिद्ध झालें. या शाईपुरता तरी बॅरनवरचा आळ अखेर उतरला.

फेर्सेनचा शेवट दारुण झाला. १८०१ सालीं तो स्वीडनचा 'रिक्समार्शल', म्हणजे दरबारचा सर्वश्रेष्ठ मानकरी झाला होता. २८ मे १८१० रोजीं युवराज कार्ल आउगुस्त स्कोनेंत कवाईत पाहतांना घोड्यावरून कोसळून मेला. मरणाचें कारण मेंदूंतील रक्तस्राव हें होतें. पण फेर्सेन घराण्यानें विष घातलें अशी आवई उठली. २० जून रोजीं स्टॉकहोमांत प्रेतयात्रेच्या अग्रभागीं चाललेल्या फेर्सेनास जमावानें गाडींतून ओढलें व ठेंचून मारिलें. सैन्य जवळ उभें होतें. तें हाललें नाहीं. व्हारेनच्या पलायनास त्या दिवशीं बरोबर एकोणीस वर्षें झालीं होतीं. पुढें चौकशींत तो निर्दोष ठरला व सन्मानानें पुरला गेला. परकीय युद्धांतून सुखरूप आलेला सरदार स्वदेशीं, स्वतःच्याच राजाच्या शिपायांदेखत मारला गेला, आणि तोही निराधार कंडीवर. कागद पाहण्याआधीं निकाल देण्याची ही पराकाष्ठा होय.

या हकीकतींतून संग्राहकांनीं घ्यावयाचा बोध आमच्या मतें दुहेरी आहे. खाजगी म्हणून जें खोडिलें जातें त्यांत बहुधा कोणाचीही बेअब्रू नसते. परंतु खोडल्यानें दोनशें वर्षें संशय मात्र पोसला जातो. आणि युरोपांत जें शास्त्रास साधलें तें आपल्याकडे साधेलच, या भरंवशावर कोणी राहूं नये. आपले जुने मोडी कागद बहुतांशीं काजळाच्या शाईचे. काजळींत लोह, तांबें, जस्त यांचें तें प्रमाण नाहीं. तेव्हां काजळावर काजळ फांसलें असतां ही युक्ति चालावयाची नाहीं. आपल्याकडे पुसलेलें तें पुसलेंच समजावें.

दुसरें असें कीं, घराण्याच्या रुमालांत 'राजकारणी' कागद तेवढे राखून मुलाचीं बापास, भावाचीं भावास आलेलीं खुशालीचीं पत्रें रद्दींत काढण्याची चाल अजून गेलेली नाहीं. फेर्सेनच्या अमेरिकेंतील चाकरीचा जो कांहीं जिवंत तपशील आज हातीं आहे, तो असल्याच पत्रांत आहे. त्यांत पैशाच्या मागण्या आहेत, कंटाळा आहे, रुसवा आहे. आणि त्यांच्याच मधोमध वॉशिंग्टनचा चेहरा व यॉर्कटाउनचा वेढा आहे. म्हाताऱ्या फील्डमार्शलानें तीं पत्रें टाकून दिलीं असतीं तर आपणांस फेर्सेन हा शिपाई होता एवढें नुसतें ऐकीव ठाऊक राहिलें असतें. ज्यांच्या घरीं असे रुमाल आहेत त्यांनीं ते न निवडतां, न खोडतां, जसेच्या तसे जतन करावे, एवढीच आमची विनंति आहे.